इंग्रजीच्या धड्याखाली वचन लिहून शाळा ख्रिस्ती होत नाही

प्रति,
सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या ख्रिस्ती शिक्षण संस्थांचे विश्वस्त, मुख्याध्यापक, आणि शाळा कमिटीवर बसणारे आपले पाळक व वडीलजन यांस,

सप्रेम सलाम.

मी सोलापुरात इंग्रजी शिकवते, आपल्याच मंडळीत वाढले, संडे स्कूलमध्ये शिकवलंय, त्यामुळं हे पत्र बाहेरच्या माणसाचं समजू नका. नवीन वर्षाचं नियोजन सुरू झालंय आणि आपल्या एकापेक्षा जास्त शाळांमध्ये सध्या एक विचार चाललाय, एका मीटिंगला तर मी स्वतः बसले होते, की शाळा ख्रिस्ती आहे तर शिकवणंसुद्धा ख्रिस्ती दिसलं पाहिजे, म्हणून इंग्रजीचा प्रत्येक धडा संपला की खाली एक बायबलचं वचन फळ्यावर लिहायचं, मुलांनी ते वहीत उतरवायचं, आणि लायब्ररीतली जादूटोणा, भुतंखेतं, प्रेमप्रकरणं असली पुस्तकं बाजूला काढायची. मीटिंगमध्ये बोलायला मला दोनच मिनिटं मिळाली आणि दोन मिनिटांत हे सांगून होत नाही, म्हणून सगळ्यांना मिळून लिहितेय.

हेतू चांगला आहे हे मी मनापासून मान्य करते. आपल्या शाळा इतर शाळांसारख्याच झाल्यात, फक्त गेटवर क्रॉस आणि डिसेंबरमध्ये नाताळचा कार्यक्रम एवढंच उरलंय, ही काळजी माझीपण आहे. पण वचन चिकटवल्यानं ती काळजी जाणार नाही. इंग्रजीचा तास ख्रिस्ती होतो तो आपण पुस्तक किती खरेपणानं वाचतो आणि मुलांकडून किती खरं लिहून घेतो त्यावरून. आणि नेमकं हेच दोन्ही आपल्याकडं होत नाही.

आधी वाचण्याचं बोलते.

लूकच्या १५ व्या अध्यायातला उधळ्या मुलगा सगळ्यांना पाठ आहे. धाकटा परत येतो, बाप धावत जाऊन गळ्यात पडतो, मेजवानी होते. पण गोष्ट तिथं संपत नाही, मोठा भाऊ शेतावरून येतो, गाण्याबजावण्याचा आवाज ऐकून रागावतो, आत जायला तयार होत नाही, बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतो, आणि तिथंच येशू थांबतो. मोठा भाऊ आत गेला की नाही? सांगितलेलंच नाही. समोर परूशी आणि शास्त्री बसलेत, येशू पाप्यांसोबत जेवतो म्हणून कुरकुरणारे धर्मपुढारी, त्यांनीच ठरवायचंय की आपण आत जाणार का. आता कल्पना करा की गोष्ट संपल्या संपल्या कुणी फळ्यावर लिहिलं "तात्पर्य: भावाचा मत्सर करू नये", तर काय राहिलं त्या गोष्टीत? तसंच २ शमुवेलच्या १२ व्या अध्यायात नाथान संदेष्टा दाविदाकडं जातो. राजानं दुसऱ्याची बायको घेतलीय, तिच्या नवऱ्याला मारवलंय, आणि नाथान काय करतो तर एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगतो, ती मेंढी त्याच्या ताटातलं खायची, त्याच्या मांडीवर निजायची वगैरे सगळं सांगतो, दाविदाला पूर्ण राग येऊ देतो, आणि मगच म्हणतो की तो माणूस तूच आहेस. गोष्टीनं आपलं काम करेपर्यंत नाथान थांबला. आपण मुलांना तेवढंसुद्धा थांबू देत नाही, धडा वाचायच्या आधीच मोरल काय ते सांगून टाकतो.

बायबल स्वतः असं वागत असताना आपण बायबलच्या नावानं उलटं का वागायचं?

याचा अर्थ असा नाही की इंग्रजीच्या तासाला बायबलचं नावच काढायचं नाही. उलट इंग्रजी साहित्य बायबलशिवाय अर्धं कळतच नाही आणि ते समजावून सांगणं हे आपल्या शिक्षकांना जमायला हवं, इतरांपेक्षा जास्त जमायला हवं. ऑस्कर वाइल्डची 'द सेल्फिश जायंट' ही १८८८ ची गोष्ट बऱ्याच मुलांच्या वाचनात येते. राक्षस बागेभोवती भिंत घालतो, मुलांना हाकलतो, मग बागेत हिवाळा हटतच नाही, पुढं तो एका लहान रडणाऱ्या मुलाला झाडावर बसवतो आणि बदलतो, इथपर्यंत गाइडमध्ये सगळं असतं आणि शेवटी लिहिलेलं असतं की स्वार्थ वाईट. पण गोष्टीच्या शेवटी तोच मुलगा कित्येक वर्षांनी परत येतो, तेवढाच लहान, आणि त्याच्या तळहातांवर नि पायांवर खिळ्यांचे व्रण असतात, म्हातारा झालेला राक्षस चिडून म्हणतो, कुणी जखमी केलं तुला, सांग, मी तलवार घेऊन त्याला मारतो, आणि मुलगा म्हणतो की या प्रेमाच्या जखमा आहेत. वर्गात हे वाचलं की मुलं विचारतातच, मॅडम त्याला खिळे कुणी मारले, तो मोठा का नाही झाला. आता इथं जो शिक्षक खाली मान घालून पुढं जातो त्यानं इंग्रजी नीट शिकवलं नाही, आणि जो इथं अर्धा तास प्रवचन देतो त्यानंही नाही. लेखकाच्या मनात कोण होतं ते सरळ सांगायचं, गुड फ्रायडेला काय झालं असं ख्रिस्ती लोक मानतात ते चार वाक्यांत सांगायचं, आणि परत गोष्टीकडं यायचं, की बघा राक्षसाला पहिल्यांदा तलवारच का आठवली. वर्गातला प्रत्येक मुलगा, मग तो कुठल्याही घरचा असो, या प्रश्नावर बोलू शकतो.

आणि खरेपणानं वाचायचं तर आपल्याला न आवडणारं पण वाचावं लागतं. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधलं पोर्शियाचं दयेवरचं भाषण आपल्याकडं गॅदरिंगला पाठ म्हणून घेतात, बक्षीस देतात, पाळकसाहेबपण खूश होतात. सुंदरच आहे ते. पण त्याच प्रवेशात पुढं काय होतं ते कितीजण वाचून दाखवतात? केस हरलेल्या शायलॉकवर अट घातली जाते की तुला ख्रिस्ती व्हावं लागेल. दयेवर एवढं बोलणारी माणसं ज्यू माणसाचा धर्म जबरदस्तीनं बदलतात आणि त्यालाच दया म्हणतात. आणि हाच शायलॉक तिसऱ्या अंकात विचारून गेलाय की ज्यू माणसाला डोळे नसतात का, टोचलं तर आमचं रक्त येत नाही का. ख्रिस्ती शिक्षकानं हे झाकायचं का? मला वाटतं ख्रिस्ती शिक्षकानंच हे सगळ्यात आधी उघड करावं, कारण आपल्याला पापाबद्दल शिकवलंय ते दुसऱ्याच्या नाही, स्वतःच्या पापाबद्दल. दाविदाचं बथशेबा प्रकरण बायबलनं लपवलं नाही, पेत्रानं येशूला तीनदा नाकारलं ते चारी शुभवर्तमानांत आहे. इतकं सरळ पुस्तक ज्या घरात वाचलं जातं तिथल्या माणसानं शायलॉकच्या प्रसंगाला का घाबरावं.

लायब्ररीचं पण इथंच सांगते. चेटकिणी आहेत म्हणून पुस्तक काढायचं असेल तर १ शमुवेलचा २८ वा अध्याय कुठं ठेवायचा, शौल राजा रात्री वेष बदलून एंदोरच्या भूतविद्या करणाऱ्या बाईकडं जातो तो? पुस्तक फार निराश आहे म्हणून काढायचं असेल तर ८८ वं स्तोत्र काढावं लागेल, ते अंधारावरच संपतं, शेवटी कुठलाही दिलासा नाही. ईयोब तर अध्यायच्या अध्याय देवाशी भांडतो. मुलांच्या वयाला काय झेपेल हे बघायलाच पाहिजे, सहावीच्या पोराच्या हातात काहीही द्या असं मी म्हणत नाही. पण कव्हर बघून, किंवा कुणीतरी व्हॉट्सॲपवर यादी पाठवली म्हणून पुस्तक काढणं चूक आहे. ज्याला काढायचंय त्यानं आधी पूर्ण वाचावं आणि मग कमिटीसमोर त्यावर बोलावं.

मिल्टनचं एक उदाहरण देते कारण कॉलेजला जाणारी आपली मुलं त्याच्याशी अडखळतात. आदम-हव्वेच्या पतनावरचं त्याचं महाकाव्य 'पॅराडाइज लॉस्ट' १६६७ साली छापलं गेलं, मिल्टन तोवर पूर्ण आंधळा झालेला होता, तोंडानं सांगायचा आणि दुसरे लिहून घ्यायचे. त्यात सैतानाची भाषणं इतकी जोरदार आहेत की पहिल्यांदा वाचणाऱ्याला तोच हिरो वाटतो. एक विद्यार्थी, घरचा फार धार्मिक, मला येऊन घाबरत म्हणाला होता की मॅडम मला सैतानाचंच पटायला लागलंय, हे पाप आहे का. मी त्याला म्हटलं वहीत दोन रकाने कर, एकात सैतान काय बोलतो ते लिही आणि दुसऱ्यात तो करतो काय ते लिही. पोरगा दोन-तीन दिवस बसला. बोलतो स्वातंत्र्याबद्दल आणि करतो काय, स्वतः सिंहासनावर उंच बसतो, सभा भरवतो पण निर्णय आधीच ठरलेला असतो, आणि शेवटी दोन निष्पाप जिवांना फसवायला बागेत लपून शिरतो. ते त्याचं त्यानं शोधलं. ज्या पोरानं हे एकदा केलंय तो उद्या निवडणुकीच्या सभेत उभा असला किंवा एखाद्या भारी आवाजाच्या उपदेशकासमोर बसला असला तरी तेच करेल, बोलतो काय आणि करतो काय. आता मला सांगा, धड्याखालच्या वचनानं हे झालं असतं का?

आता लिहिण्याचं. माझं खरं दुखणं इथं आहे.

"आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको" ही आज्ञा आपण मुलांकडून पाठ करून घेतो आणि त्याच मुलांकडून इंग्रजीच्या तासाला वर्षभर खोटी साक्ष लिहून घेतो. शब्द कडक आहे पण विचार करून वापरतेय. 'माय मदर' हा निबंध घ्या. शी गेट्स अप अर्ली इन द मॉर्निंग, शी कुक्स टेस्टी फूड फॉर अस, शी इज माय बेस्ट फ्रेंड. वर्गातल्या सगळ्या वह्या उघडा, सगळ्यांची आई एकच. एकदा एका मुलाची वही तपासताना मला माहीत होतं की त्याची आई दोन वर्षांपूर्वी वारलीय, आणि त्यानंही तेच लिहिलं होतं, वर्तमानकाळात, शी कुक्स टेस्टी फूड. स्पेलिंग सगळी बरोबर होती. पद्धतीप्रमाणं त्याला पूर्ण मार्क मिळायला हवे होते. मी त्या दिवशी वह्यांचा गठ्ठा बाजूला ठेवला आणि पुढच्या तासाला सगळ्यांना सांगितलं की आपल्या घरातल्या एका माणसाचे फक्त हात काय काय करतात ते लिहा, दहा ओळी, चुका झाल्या तर मी बघते, इंग्रजी शब्द अडला तर तेलुगू लिहा, कन्नड लिहा, मराठी लिहा, उर्दू लिहा.

शहराच्या पूर्व भागातली एक मुलगी आहे, घरी तेलुगू बोलतात, वर्गात तोंड उघडत नाही. ती माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, विड्यांचं लिहिलं तर चालतं का वो?" मी म्हटलं चालतं. तिनं लिहिलं की आई दुपारी दाराजवळ बसते कारण उजेड तिथं असतो, पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली असतात, पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीनं कापते, मांडीवर सूप असतं. मग एक वाक्य होतं, माय मदर डज नॉट सी हर हँड्स, शी सीज द डोअर. म्हणजे हात आपोआप चालतात आणि लक्ष दाराकडं, धाकटा शाळेतून आला का. आणि शेवटी होतं की कारखान्यात विड्या द्यायला गेल्यावर तपासणारा माणूस त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढतो, आई तिथं काही बोलत नाही, पण परत येताना रस्त्यानं तोंडातल्या तोंडात तेलुगूत मोजत येते. मी फक्त दोन-तीन स्पेलिंग दुरुस्त केली, त्या वाक्याला हात लावला नाही, आणि खाली प्रश्न लिहिला, व्हॉट डज शी काउंट? दुसऱ्या दिवशी तिनं अर्धं पान आणखी लिहून आणलं. मागितलं नव्हतं मी.

हा निबंध मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवला तर एकजण म्हणाले, ख्रिस्ती शाळेत विडीवर निबंध, लोक काय म्हणतील. मला फार वाईट वाटलं. तंबाखू वाईट हे त्या मुलीला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे, तिच्या घरात तो वास चोवीस तास असतो, ती आईच्या खोकल्याबद्दलपण लिहील एक दिवस, लिहू द्या. पण ज्या कामावर तिची फी भरली जाते ते काम लपवायला आपण तिला शिकवणार असू तर आपण तिला आईविरुद्धच साक्ष द्यायला शिकवतोय.

यात ख्रिस्ती काय आहे, हे तर कुठलाही चांगला शिक्षक करेल, असं तुमच्यापैकी कुणी म्हणेल. करतातच, आणि सोलापुरात असे हिंदू, मुस्लिम, लिंगायत शिक्षक मी पाहिलेत ज्यांच्या पायाशी बसून शिकावं. पण आपल्याला हे करायचं आपलं स्वतःचं कारण आहे आणि ते आपण विसरलोय. योहानाच्या पहिल्याच अध्यायात आहे, शब्द देही झाला. देव कुठल्यातरी सर्वसाधारण जागी सर्वसाधारण माणूस म्हणून आला नाही, एका गावात, एका सुताराच्या घरात, एका बोलीत आला. आणि तो बोलला ते पण कशाबद्दल, पिठातलं खमीर, मोहरीचा दाणा, हरवलेलं नाणं शोधायला दिवा लावून घर झाडणारी बाई. "प्रामाणिकपणाचे महत्त्व" या विषयावर तो एकदाही बोलला नाही. मग त्याच्या नावानं चालणाऱ्या शाळेत मुलांनी 'ऑनेस्टी इज द बेस्ट पॉलिसी'वर पाठ केलेली पंधरा वाक्यं लिहायची आणि आईच्या कात्रीबद्दल लिहायचं नाही, हे कुठल्या हिशोबानं?

जेरार्ड मॅनली हॉपकिन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट फादर होता. त्याची 'पाइड ब्युटी' ही १८७७ ची छोटीशी कविता आहे, तो १८८९ मध्ये वारला आणि त्याच्या कविता पुस्तकात आल्या १९१८ ला. ठिपक्याठिपक्यांच्या, सरमिसळ, विचित्र गोष्टींसाठी तो देवाची स्तुती करतो, माशाच्या अंगावरचे ठिपके, नांगरलेली नि पडीक जमिनीची ठिगळं, आणि त्यातच मध्येच एक ओळ येते ती सगळ्या धंद्यांची आणि त्यांच्या अवजारांची. ती ओळ आली की मी पुस्तक बंद करायला लावते आणि सांगते आपापल्या घरच्या धंद्याची अवजारं लिहा. धोटा येतो, कांडी येते, बॉबिन येतं, तेलाचा डबा येतो, कुणाच्या गॅरेजमधले पाने येतात, भाजीच्या गाड्यावरचा तराजू, ज्वारी उफणायचं सूप, एका मुलाच्या वडिलांची बँडमधली ट्रम्पेट आली होती. मग ती यादी हॉपकिन्सच्या चालीत बसवायची. पॉवरलूमवर रात्रपाळी करणाऱ्या बापाच्या पोराला पहिल्यांदा कळतं की हे असलं सगळं कवितेत येऊ शकतं, इंग्रजी कवितेत, आणि त्याच्याबद्दल देवाचे आभार मानलेत कुणीतरी. मला इथं वचन लिहावं लागत नाही, कवितेतच स्तुती आहे, ज्याला घ्यायचीय तो घेतो.

दहावीच्या पेपरात व्ह्यू-काउंटरव्ह्यू असतं बघा. एक बाजू दिलेली असते, मुलानं उलटी बाजू लिहायची. सगळीकडं हे चार मुद्दे उलटे करून लिहायचं तंत्र म्हणून शिकवलं जातं. मला वाटतं खोट्या साक्षीची ती आज्ञा पाळायला शिकवायची याहून चांगली जागा नाही. मी मुलांना सांगते, समोरच्याचं म्हणणं आधी असं मांडा की तो स्वतः वाचून म्हणाला पाहिजे, हो, मला हेच म्हणायचं होतं, आणि मगच तुमचं लिहा. मोठ्या माणसांना हे जमत नाही, आपल्या मंडळीच्या मीटिंगांमध्ये पण जमत नाही, पण पंधरा वर्षांच्या पोरांना जमतं, सवय लावली की.

वचन वहीत उतरवण्याबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ही जरा नाजूक आहे. आपल्या शाळांत बहुतेक मुलं ख्रिस्ती नाहीत. त्यांच्या आईवडलांनी विश्वासानं पाठवलंय. घटनेच्या कलम ३० नं आपल्याला आपल्या संस्था चालवायचा हक्क दिलाय तसंच कलम २८ नं हेपण सांगितलंय की सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत कुणालाही त्याच्या, आणि तो लहान असेल तर पालकांच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. पण कायद्याचं राहू द्या. इंग्रजीच्या तासाला परीक्षेच्या मार्कांसोबत वचन लिहायला लावलं की मूल ते लिहितं कारण मॅडम वही तपासणार असतात. अशा लिहिण्याला काय किंमत आहे, आपल्या स्वतःच्या श्रद्धेच्या दृष्टीनंसुद्धा? सगळं विकून माझ्यामागं ये म्हटल्यावर खिन्न होऊन निघालेल्या त्या श्रीमंत तरुणाला येशूनं जाऊ दिलं, मागं पळत गेला नाही.

या देशात मिशनऱ्यांनी इंग्रजी शिकवलं ते माणसं फोडायला, असा आरोप आहे आणि तो सगळा खोटा नाही, एकोणिसाव्या शतकात तशी भाषा उघड वापरली गेलीय. पण त्यासोबत दुसराही इतिहास आहे आणि तो आपल्याच मुलांना माहीत नाही. १६१६ साली इंग्लंडमध्ये शेक्सपिअर वारला. त्याच वर्षी इकडं गोव्यात राचोलला फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज माणसाचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्या, आणि त्यात मराठीची केलेली स्तुती तुम्ही सगळ्यांनी ऐकलीय. म्हणजे शेक्सपिअरच्या देशातला, शेक्सपिअरच्याच काळातला माणूस इथं येऊन ओवीत लिहायला शिकला. जॉन बन्यन या इंग्रज लेखकानं तुरुंगाचे दिवस भोगून लिहिलेलं 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' हरि केशवजींनी १८४१ मध्येच मराठीत आणलं. १८१३ ला मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८६० च्या दशकात आपल्या सोलापुरात आली, त्यांना पण आधी मराठीच शिकावी लागली. रेव्हरंड टिळकांनी भजन-अभंगाच्या चालीत लिहिलेलं आपण आजही दर रविवारी गातो. मग आपल्याच शाळेत मुलं मराठीत बोलली म्हणून दंड घेणं, तेलुगू बोलली म्हणून बाकावर उभं करणं, आणि त्याला इंग्रजी सुधारणं म्हणणं, हे कुठून आलं? ख्रिस्ती परंपरेतून तर नक्की नाही आलं. इंग्रजी नीट लिहायचं असेल तर मुलाला आधी घरच्या भाषेत काहीतरी सांगायचं असलं पाहिजे.

आता मागणं काय ते सांगते. इंग्रजीचे आठवड्यातले दोन तास जोडून द्या, त्यात फक्त वाचन आणि स्वतःचं लिखाण होईल, पोर्शन नाही. वर्गात साठ मुलं असतील तर त्या दोन तासांपुरते दोन गट करा कारण साठ वह्या नीट वाचणं एका माणसाच्या हातून होत नाही आणि मग शिक्षक नाइलाजानं गाइडकडं जातो, त्याला एकट्याला दोष देऊन उपयोग नाही. अंतर्गत वीस मार्क शाळेच्या हातात असतात, त्यातले काही मुलानं स्वतः लिहिलेल्या आणि दुरुस्त करून परत लिहिलेल्या लेखनाला ठेवा, परत लिहिण्याला मार्क पाहिजेतच, पहिल्यांदा चुकलं म्हणून कायमचं लाल शाईत ठेवणं आपल्या शिकवणीत बसत नाही. पालकांना पहिल्या मीटिंगलाच सांगा की वहीत चुका दिसतील आणि त्या तशा का ठेवल्यात, नाहीतर ते शेजारच्या क्लासच्या सुबक वह्या आणून दाखवतात आणि शिक्षक गप्प बसतो. भाषेवरून दंड बंद करा. बायबल शिकवायचं असेल तर त्याचा वेगळा तास ठेवा, ज्यांची संमती आहे त्यांच्यासाठी, आणि तिथं ते पूर्ण शिकवा, नाथानसकट आणि ८८ व्या स्तोत्रासकट. आणि शिक्षकांसाठी मे महिन्यात दोन दिवस एकत्र बसायची सोय करा, बाहेरून कुणी मोठा वक्ता नको, आम्हीच एकमेकांच्या वर्गात काय लिहिलं गेलं ते वाचू, आणि त्यात ख्रिस्ती नसलेले आपले सहकारीपण असू द्या, त्यांना अशा बैठकांना आपण बोलवत नाही हे मला नेहमी खटकतं.

वचनाचा ठराव जूनच्या आधी कमिटीसमोर येणार आहे असं समजलंय. तो मंजूर करायच्या आधी आम्हा इंग्रजीच्या शिक्षकांना एक तास द्या. तारीख तुम्ही कळवा, रविवारची उपासना सोडून कुठलीही वेळ चालेल, मुलांनी परवानगी दिलेले निबंध मी सोबत आणीन आणि तुमच्यातल्या प्रत्येकाला एकेक मोठ्यानं वाचायला देईन.

आपली,
इंग्रजीची एक शिक्षिका,
सोलापूर